बामाकोचे फोटो स्टुडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी फोटो स्टुडिओ होता. साताऱ्यात, बसस्टँडकडून वर येताना दुसऱ्या गल्लीत. त्यामुळं पश्चिम आफ्रिकेतल्या स्टुडिओंचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला त्यात आधी कला दिसली नाही, धंदा दिसला. आता वाचनालयांत आणि फोटोग्राफी क्लबांत याच विषयावर स्लाइड दाखवत फिरतो. कार्यक्रमानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. बामाको म्हणजे नेमकं कुठं? आणि तिथल्याच स्टुडिओंचं एवढं कौतुक का?

बामाको ही पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाची राजधानी, नायजर नदीच्या काठावर. २२ सप्टेंबर १९६० ला माली स्वतंत्र झाला. त्याआधी तो 'फ्रेंच सुदान' या नावाची फ्रेंच वसाहत होता. (आजचा सुदान देश वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नका.) सेनेगलच्या डाकार बंदराहून निघणारी रेल्वे बामाकोला येई, म्हणून व्यापारी, नोकरदार, शिपाई यांची शहरात सतत ये-जा असायची. ओळखपत्राला फोटो लागू लागला आणि स्टुडिओ वाढले. मग लोक हौसेनंही येऊ लागले.

स्टुडिओ घाना, सेनेगल, नायजेरिया असे सगळीकडेच होते, काही बामाकोपेक्षा कितीतरी जुने. बामाकोचं नाव झालं ते दोन माणसांमुळं, सेदू केइता आणि मालिक सिदिबे. आणि त्यांची निगेटिव्ह टिकली म्हणून. दुसरं कारण लोक विसरतात.

२. सेदू केइता कोण होता? कुठल्या कॉलेजात शिकला?

कुठल्याच नाही. जन्म १९२१ च्या सुमारास, बामाकोतच. वडील सुतारकाम करायचे आणि हाही तेच शिकला. १९३५ मध्ये काकांनी सेनेगलहून येताना कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा आणला, तिथून नाद लागला. डार्करूमचं काम शहरातल्या मुंतागा देंबेले या जुन्या फोटोग्राफरकडून आणि एका फ्रेंच माणसाच्या फोटोच्या दुकानात राहून उचललं. १९४८ मध्ये बामाको-कुरा भागात स्वतःचा स्टुडिओ टाकला.

जागा पक्क्या धंदेवाल्याची. रेल्वे स्टेशन जवळ, समोर तुरुंग. त्याच्या प्रिंटवरच्या रबरी शिक्क्यात पत्ताच तसा आहे: 'फोटो केइता सेदू, बामाको-कुरा, सिव्हिल जेलसमोर'. पत्ता सांगायला तुरुंगाइतकी सोयीची खूण दुसरी कुठली? आमच्या पाकिटांवर 'एसटी स्टँडजवळ' असायचं.

१९६२ मध्ये नव्या सरकारनं त्याला सरकारी फोटोग्राफर केलं. त्यानंतर स्टुडिओ बंद झाला. १९७७ मध्ये निवृत्त झाल्यावर तो इंजिनं दुरुस्त करत बसे. २००१ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

३. फोटोंत मागं तो नक्षीचा पडदा दिसतो, तो मुद्दाम कलात्मक हेतूनं लावलाय का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. पहिला 'पडदा' म्हणजे केइताची स्वतःची पलंगावरची चादर, कडेला झालर असलेली. अंगणात, उघड्यावर, भिंतीला टांगलेली. झालर खालच्या बाजूला काही फोटोंत स्पष्ट दिसते. दोन-तीन वर्षांनी तो पडदा बदलायचा. पुढं फुलाफुलांचा आला, मग पानांचा, मग साधा. त्यामुळं आज एखादा फोटो कधीचा हे ठरवताना अभ्यासक आधी माणसाकडं बघत नाहीत, पडद्याकडं बघतात.

आता कलात्मकतेचं. एक फोटो नीट बघा: एक बाई कुशीवर रेललीय, हाताचा टेकू डोक्याला. अंगातल्या कापडावर नक्षी, अंथरलेल्या चादरीवर चौकडी, मागच्या पडद्यावर तिसरीच नक्षी. तिन्ही एकमेकांत अशा मिसळतात की कापड कुठं संपतं आणि बाई कुठं सुरू होते हे क्षणभर कळत नाही. चेहरा आणि हात तेवढे शांत राहतात, म्हणून नजर तिथंच जाते. गिऱ्हाईक काय नेसून येणार हे केइताच्या हातात नव्हतं. कसं बसवायचं, हे होतं. माझ्या मते त्याचं सगळं कसब त्या बसवण्यात आहे: खांदे जरा तिरके, मान वळवलेली, बोटं दिसतील असा हात. मालीतल्या बांबारा भाषेत तो 'इ का न्ये तान' म्हणायचा, म्हणजे 'अशीच छान दिसतेस'. झगा पुढं पसरवून ठेवायचा, कारण कापड किती भारी आहे ते दिसायला हवं. लग्नात शालूचा पदर पुढं ओढून फोटो काढून घेणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

४. ते सूट, घड्याळं, रेडिओ, मोटार, हे सगळं त्या लोकांचं होतं का?

काही त्यांचं, बरंचसं स्टुडिओचं. केइताकडं युरोपीय पद्धतीचे तीन सूट होते, टायसकट. शिवाय घड्याळ, फाउंटन पेन, प्लास्टिकची फुलं, रेडिओ, टेलिफोन, स्कूटर. ज्या मोटारीला टेकून लोक उभे आहेत ती त्याचीच प्युजो २०३. पांढरा सूट, जाड फ्रेमचा चष्मा आणि बोटांत एकच प्लास्टिकचं फूल धरलेला तरुण, हा त्याचा सगळ्यांत गाजलेला फोटो. खिशाला पेन आहे, याकडंही लक्ष द्या. आपल्याकडंही फोटोत खिशाला पेन लागायचंच, माणूस शिकलेला आहे हे दिसावं म्हणून.

'म्हणजे खोटंच की' असं कुणीतरी दर वेळी म्हणतं. आमच्या स्टुडिओत कोट एकच होता. मागून चिमटे लावून तो कुणालाही बसवला जायचा. सबंध गल्लीतल्या पोरांचे स्थळांना पाठवलेले फोटो त्याच कोटातले. कुणी कुणाला फसवत नव्हतं, बघणाऱ्यालाही ठाऊक असायचं.

५. एका माणसाचे किती फोटो काढायचे?

केइता बहुधा एकच. तो मोठा, तिपाईवरचा कॅमेरा वापरायचा, १३ बाय १८ सेंटीमीटरच्या निगेटिव्हचा. फिल्म महाग, त्यामुळं एका गिऱ्हाइकामागं एकच पट्टी. निगेटिव्हच एवढं मोठं असल्यानं ते कागदावर ठेवून थेट प्रिंट काढता येई, मोठं करायच्या यंत्राची गरज नसे. प्रकाश मुख्यतः उन्हाचा. दिवसा फोटो, रात्री डार्करूम.

सिदिबेचं तंत्र याच्या उलट, ते ७ मध्ये.

६. न्यूयॉर्कमध्ये केइताचे फोटो 'अनामिक' म्हणून लावले होते म्हणे. शिक्का असूनही?

हो. १९९१ मध्ये तिथं आफ्रिकी कलेचं एक मोठं प्रदर्शन झालं. त्यात बामाकोच्या १९५० च्या दशकातले काही स्टुडिओ फोटो होते आणि फोटोग्राफरच्या नावाच्या जागी 'अज्ञात'. जाँ पिगोत्झी या संग्राहकानं ते पाहिले आणि आंद्रे मान्यँ या आपल्या कला-सल्लागाराला शोध घ्यायला बामाकोला धाडलं. तिथं शोध असा काही घ्यावाच लागला नाही. सेदू केइता कोण हे शहराला माहीत होतं. १९९४ मध्ये पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशननं त्याचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं.

'केइताचा शोध लागला' असं मराठीतही लिहिलेलं वाचतो तेव्हा हसू येतं. ज्याच्याकडं अर्धं शहर फोटो काढायला गेलं, ज्याचा पत्ता प्रत्येक प्रिंटच्या शिक्क्यात होता, तो हरवला कधी होता?

७. मालिक सिदिबेचं वेगळेपण काय?

सिदिबे रात्री फोटो काढायचा, आणि स्टुडिओबाहेर.

जन्म १९३५ च्या आसपास, गिनीच्या सरहद्दीजवळच्या सोलोबा गावात, गुरं राखणाऱ्या फुलानी घरात. घरातून शाळेत पाठवायला याची निवड झाली. चित्रकला चांगली, म्हणून बामाकोच्या कारागिरी शाळेत गेला आणि १९५५ मध्ये दागिने घडवण्याचं शिक्षण पुरं केलं. जेरार गिया नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरनं त्याला दुकान सजवायला बोलावलं आणि तो तिथंच कॅमेरा शिकला. पुढं बागादाजी वस्तीत 'स्टुडिओ मालिक' काढला. कॅमेरे दुरुस्त करण्यातही त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, शेवटपर्यंत दुकानात जुन्या कॅमेऱ्यांचा ढीग असे.

छोटा कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन तो शनिवारी रात्री एका पार्टीतून दुसऱ्या पार्टीत जाई. बामाकोतल्या पोरापोरींचे तेव्हा क्लब असायचे आणि आवडत्या गायकांची, रेकॉर्डची नावं त्यांना दिलेली असत. पहाटे परत येऊन रोल धुवायचे, बारीक बारीक प्रिंट रंगीत पुठ्ठ्याच्या फोल्डरवर चिकटवायच्या, वर क्लबचं नाव आणि तारीख घालायची, आणि फोल्डर स्टुडिओबाहेर टांगायचे. आठवडा सुरू झाला की पोरं तिथं गर्दी करत: आपण कुठं दिसतोय, ती कुणाबरोबर नाचतेय. हवा तो नंबर सांगायचा, मोठी प्रिंट घ्यायची. बघायला येणारे सगळे विकत घेत नसत, हे सांगायला नकोच.

ते फोल्डर मला त्याच्या गाजलेल्या मोठ्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात. सबंध रात्र एका पुठ्ठ्यावर क्रमानं दिसते.

८. तो नाचणाऱ्या जोडप्याचा प्रसिद्ध फोटो: ते नवरा-बायको का?

भाऊ-बहीण. १९६३ च्या नाताळची रात्र, 'हॅपी क्लब'. मुलाच्या अंगात फिका सूट, मुलगी अनवाणी. दोघांची डोकी जवळजवळ टेकलेली आणि दोघंही आपल्या पायांकडं बघतायत. स्टेप चुकू नये म्हणून.

संगीताचा मुद्दा इथंच संपवतो. तेव्हा बामाकोत ट्विस्ट, रॉक अँड रोल आणि क्यूबन संगीत वाजायचं. क्यूबाचं प्रेम सरकारलाही चालण्याजोगं होतं, कारण मोदिबो केइता यांचं सरकार समाजवादी. १९६४ मध्ये मालीनं दहा तरुण वादक हवानाला शिकायला पाठवले आणि त्यांतून 'लास माराविलास दे माली' हा वाद्यवृंद उभा राहिला. मिनी स्कर्ट, बेलबॉटम आणि रात्रभराचे नाच मात्र सरकारला खुपायचे. दशकाच्या शेवटाकडं युवा मिलिशियाचे लोक पोरांना अडवायचे. नोव्हेंबर १९६८ मध्ये लष्करानं सत्ता घेतली. हे फोटो पाहताना सगळं मोकळं होतं असं वाटतं. तितकं मोकळं नव्हतं. (राष्ट्राध्यक्ष केइता आणि फोटोग्राफर केइता यांचं आडनाव तेवढं सारखं. ते तिथलं फार जुनं, पसरलेलं आडनाव आहे.)

९. सगळं कृष्णधवल का? रंगीत परवडत नव्हतं की आवड तशी होती?

मुख्य अडचण धुण्याची. कृष्णधवल रोल साध्या खोलीत, साधारण तापमानात धुता येतो, थोडं इकडंतिकडं झालं तर सांभाळून घेता येतं. रंगीत निगेटिव्हचं रसायन ३८ अंशांच्या आसपास लागतं आणि त्यात अर्ध्या अंशाचीही चूक भोवते. त्यामुळं रंगीत रोल बराच काळ परदेशी पाठवावे लागत. १९८० च्या दशकात मिनीलॅब, म्हणजे दुकानातच रंगीत रोल धुऊन छापणारी यंत्रं, आल्या आणि डार्करूमवाल्यांचा धंदा बसला. आमचाही त्यानंच बसला, दहाएक वर्षं उशिरा.

काही जुन्या प्रिंटांवर दागिने, ओठ, नखं हातानं रंगवलेली सापडतात. म्हणजे गिऱ्हाइकाला रंग हवाच होता.

१०. संग्रहालयात दिसतात ते माणसाएवढे फोटो 'खरे' मानायचे का?

तांत्रिकदृष्ट्या हो, निगेटिव्ह तेच. पण केइताच्या गिऱ्हाइकानं घरी नेला तो फोटो तळहाताएवढा होता, करड्या छटांचा, मऊ. १९९० नंतर युरोपात काढलेल्या प्रिंट मोठ्या आणि काळ्या-पांढऱ्याचा फरक तीव्र असलेल्या आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन वेगळ्या माणसांचं काम वाटावं. केइताला मोठ्या प्रिंट आवडल्या होत्या आणि त्यांवर त्यानं सह्या केल्या, त्यामुळं त्यांना नकली म्हणता येत नाही. पण त्याच्या दुकानाचा माल बघायचा असेल तर लहान प्रिंटच शोधा, शिक्क्यासकट.

११. मग या प्रिंटांचे पैसे कुणाला मिळतात? आणि फोटोतल्या माणसांची परवानगी?

पहिल्या भागाचं उत्तर कटकटीचं आहे. केइता गेल्यावर निगेटिव्हच्या मालकीवरून वाद झाला आणि प्रकरण फ्रान्समधल्या कोर्टात गेलं.

दुसऱ्या भागाचं उत्तर त्याहून अवघड. त्या माणसांनी पैसे मोजून स्वतःसाठी, गावाकडच्या घरासाठी फोटो काढून घेतला होता. परदेशातल्या भिंतीसाठी नव्हे. बहुतेकांची नावं आज कुणाकडं नाहीत, म्हणून फोटोखाली 'शीर्षकहीन' असतं. अमूल्य दस्तऐवज आहे, तो लोकांसमोर यावा असंही मला वाटतं. आणि माझ्या आजीचा फोटो अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात टांगलेला मला चालेल का, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

१२. बायका फोटोग्राफर नव्हत्याच का?

मोजक्या होत्या. घानाची राजधानी अक्रा इथं फेलिशिया अबान यांनी १९५० च्या दशकात स्वतःचा स्टुडिओ चालवला. राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्यासाठीही त्यांनी काम केलं. समारंभाला निघण्याआधी त्या नटून स्वतःचा फोटो काढत, तोच दुकानाची जाहिरात. २०१९ मध्ये घानानं व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) पहिल्यांदा दालन उभं केलं तेव्हा हे फोटो तिथं होते. आजच्या बामाकोत फातुमाता दियाबाते रस्त्यावर फिरता स्टुडिओ लावतात, जुन्या धर्तीचा पडदा आणि सामान घेऊन.

१३. एका फोटोत एकच मूल दोनदा दिसतंय. छपाईची चूक?

चूक नाही. बहुतेक तो फोटो नायजेरियातल्या योरुबा लोकांकडचा असणार. त्यांच्यात जुळ्यांचं प्रमाण जगात फार वरचं, आणि जुळ्यांना मान मोठा. जुळ्यातलं एक गेलं तर त्याची लाकडी बाहुली करून घ्यायची, तिला न्हाऊमाखू घालायचं, अशी जुनी रीत होती. कॅमेरा आल्यावर काही ठिकाणी बाहुलीची जागा फोटोनं घेतली. राहिलेल्या मुलाचा फोटो काढायचा आणि तेच निगेटिव्ह शेजारी शेजारी दोनदा छापायचं. जुळी मुलगा-मुलगी असतील तर एकाच पोराला एकदा झबलं-विजार, एकदा झगा. मधली जोडाची रेघ नीट पाहिली तर दिसते.

१४. सेल्फ-पोर्ट्रेट काढणारा तो कोण? तोही मालीचाच?

सॅम्युएल फोसो, आणि तो मालीचा नव्हे. जन्म १९६२, कॅमेरूनमध्ये. बालपण नायजेरियात, तिथल्या बियाफ्राच्या यादवी युद्धात. १९७५ मध्ये, तेराव्या वर्षी, त्यानं मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात स्टुडिओ काढला. दुकानाचं घोषवाक्य होतं की आमच्याकडं या, तुम्ही सुंदर, झकास, नाजूक दिसाल 'आणि सहज ओळखू याल'. शेवटचं वचन पासपोर्ट फोटोवाल्यांसाठी. रोल संपवल्याशिवाय धुता येत नाही, म्हणून दिवसाअखेर उरलेल्या फिल्मवर तो स्वतःचे फोटो काढी आणि नायजेरियातल्या आजीला पाठवी. त्या उरलेल्या फिल्मवरच पुढं त्याचं सगळं नाव झालं.

१५. फोटो इतके लवकर सुरू झाले, मग सिनेमा का नाही?

फ्रेंच वसाहतींत १९३४ च्या हुकमानं चित्रीकरणाला सरकारी परवानगी लागू लागली, आणि आफ्रिकी माणसाला ती मिळणं जवळपास अशक्य होतं. फोटो स्टुडिओला एक खोका आणि एक अंगण पुरे. सेनेगलच्या उस्मान सेंबेन यांचा पहिला लघुपट आला तो १९६३ मध्ये, स्वातंत्र्यानंतरच.

१६. आज बामाकोत काय आहे?

१९९४ पासून तिथं आफ्रिकी फोटोग्राफीची बिएनाले भरते. २०१२ च्या लष्करी बंडानंतर आणि उत्तरेतल्या युद्धामुळं ती खंडित झाली, २०१५ मध्ये पुन्हा भरली. सिदिबेला २००३ मध्ये फोटोग्राफीचा हॅसेलब्लाड पुरस्कार आणि २००७ मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरव 'सुवर्णसिंह' मिळाला. दोन्ही मिळवणारा तो पहिलाच आफ्रिकी. तरी तो २०१६ मध्ये वारेपर्यंत बामाकोतच राहिला.

१७. आजोबांच्या स्टुडिओतली निगेटिव्ह माळ्यावर आहेत. टाकून द्यावीत का?

नको. आमच्या वडिलांनी मिनीलॅबच्या काळात चौदा खोकी भंगारवाल्याला दिली, तो त्यातली चांदी काढणार होता. किती रुपये आले ते त्यांना शेवटपर्यंत पाठ होतं.

प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढून साध्या कागदी पाकिटांत घाला. जागा कोरडी हवी, पत्र्याखालचा माळा नको. आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती फिल्म खराब होऊ लागलीय, ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि आधी तिचंच स्कॅन करा. खोक्यावर, पाकिटावर, वहीत जे काही लिहिलंय ते फेकू नका, स्कॅन करताना त्याचाही फोटो घ्या. आणि गावात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना घेऊन बसा. चेहऱ्यांना नावं तीच माणसं लावू शकतात. एका बैठकीत वीसपेक्षा जास्त दाखवू नका, दमतात.